डावा गाल

बाजाराच्या मागच्या रस्त्यावर फोटोचं एक दुकान होतं. पाटीवर मालकांचं नाव, प्रत्येक फोटोच्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत मालकांचं नाव, आणि शहरातल्या निम्म्या दिवाणखान्यांत मालकांनी काढलेली माणसं भिंतीवर टांगलेली. त्या माणसांच्या चेहऱ्यावर एक डाग दिसायचा नाही, एक सुरकुती दिसायची नाही, आणि त्याची शाबासकीही मालकच घ्यायचे. ते काम करणारी बाई मागच्या खोलीत खिडकीशी वाकून बसलेली असायची. ती मालकांची बायको. तिला पुठ्ठ्यावर जागा नव्हती. गल्लीने मात्र आपणहून तिला पदवी देऊन टाकली होती: पेन्सिलकाकू.

काकूंचं आणि पेन्सिलीचं जमलं ते मालकांच्या डोळ्यांमुळे. लग्नानंतर थोड्याच वर्षांत त्यांना जवळचं दिसेनासं झालं आणि काचेवरचं बारीक काम हातून सुटलं. पगारी माणूस ठेवावा, तर तो आज शिकणार आणि उद्या समोरच्या फुटपाथवर स्वतःची पाटी लावणार. बायको काही समोर दुकान काढत नाही. तेव्हा मालकांनी बायकोला शिकवलं, आणि चारचौघांत सांगितलं की तिला घरात बसून कंटाळा येतो.

काम असं होतं. उतरत्या मेजाच्या मधोमध एक चौकट, चौकटीखाली आरसा. खिडकीतला उजेड आरसा वर फेकायचा आणि त्या उजेडावर फोटोची काच, म्हणजे तेव्हाची निगेटिव्ह, ठेवायची. काचेवर सगळं उलटं दिसतं. उजळ चेहरा काळाकुट्ट, काळे केस पांढरेफटक. म्हणजे शहरातलं प्रत्येक माणूस काकूंना आधी म्हातारं दिसायचं आणि छापून आलं की तरुण व्हायचं. चेहऱ्यावर सुरकुती असते तिथे काच फिकट राहते. ती फिकट रेघ सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीने भरत जायची. तीही ओढून नाही, ठिपक्या ठिपक्यांनी. हात जड पडला की गिऱ्हाइकाचा चेहरा मळलेल्या कणकेसारखा व्हायचा. काकूंचा हात कधी जड पडला नाही.

"काकूंच्या पेन्सिलीखालून गेली तर आमच्या पणजीलासुद्धा स्थळं येतील," असं शेजारचा न्हावी म्हणायचा. गिऱ्हाइकं तर एकाहून एक. एक वकिलीणबाई सांगून गेल्या, "ती चामखीळ काढा, पण फोटो माझाच वाटायला हवा हं." एक गृहस्थ बायकोला बाहेर बसवून हळूच आत आले आणि म्हणाले, "तिच्या कपाळावरची आठी तेवढी काढा. घरी पाहतो तेवढी पुरे आहे." काकूंनी आठी काढली. ती आठी कुणी घातली असेल हे विचारायची सोय नव्हती. मूग गिळून बसणं हे त्या कामाचं पहिलं कलम होतं. असं करता करता त्यांना एक खोड जडली. रस्त्याने जाताना समोरून येणाऱ्या माणसाचं काय काय पुसावं लागेल, हे त्यांचे डोळे आपोआप हेरायचे. भाजीवाली झाली, पोस्टमन झाला, काकू मनातल्या मनात सगळ्यांना पुसत जायच्या.

दिवस बदलत होते आणि ते काकूंना काचेवरच कळत होते. पूर्वी नवरा खुर्चीत बसायचा आणि बायको मागे उभी, खुर्चीचाच एखादा भाग असल्यासारखी. मग एकेकट्या बायका यायला लागल्या. शाळेतल्या मास्तरीणबाई आल्या, टाइपरायटर शिकलेली मुलगी आली, टेलिफोनच्या कचेरीतल्या तिघी मैत्रिणी एकमेकींच्या गळ्यात हात टाकून आल्या. लढाई सुरू झाली, तरणे पुरुष तिकडे गेले आणि त्यांच्या रिकाम्या खुर्च्यांवर बायका बसल्या. त्यांतल्या एकीने तर सायकल दुकानात आणली. मालक तिला म्हणाले, "ही पण बसणार का फोटोला?" ती म्हणाली, "मी तिच्यावर बसते, तिला कशाला बसवता?" या पोरींनी आणखी एक नवीन खूळ आणलं होतं. जाताना मागच्या खोलीत डोकावून त्या सांगायच्या, "काकू, चष्मा राहू द्या. आणि कपाळावरची ती खूणही. आहे तसं राहू द्या." काकू मान डोलवायच्या आणि थोडंसं तरी पुसायच्याच. आहे तसं ठेवायचं तर आपण इथे कशाला, असं त्यांना वाटायचं.

काकूंना एकच लेक होती. ती चार वर्षांची असताना घडलेली गोष्ट आता सांगायला हवी. दुकानात अंधार असला की मालक ताटलीत एक भुकटी घेऊन पेटवायचे. भक्कन उजेड पडायचा आणि तेवढ्यात फोटो निघायचा. त्या दिवशी पोर खेळता खेळता पुढे धावली. डावा गाल कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत भाजला. काकू तेव्हा मागच्या खोलीत कुणा सावकाराच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं भरत होत्या. भुकटी मालकांची, काडी मालकांची, पण डॉक्टरांसमोर मालक म्हणाले, "आई घरात असताना पोर भाजते म्हणजे आई करत काय होती?" आई मालकांचंच काम करत होती. हे डॉक्टर म्हणाले नाहीत, मालक म्हणणार नव्हते, आणि काकूंच्या तोंडून शब्द फुटला नाही. हेच वाक्य पुढे नणंदेने वर्षानुवर्षं वेगवेगळ्या चालींत म्हटलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

पोर मात्र जात्याच आनंदी. गल्लीतल्या मुलांनी तिचं नाव ठिणगी ठेवलं, आणि ते नाव तिने असं काही उचललं की चिडवणारेच ओशाळले. कुणी टक लावून पाहिलं तर विचारायची, "नकाशा आवडला का? यात नद्यासुद्धा आहेत." काकूंनी मात्र तिला कधी ठिणगी म्हटलं नाही. त्या बाळ म्हणायच्या. जखम भरून आल्यावर त्या गालाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही, चांगला नाही की वाईट नाही. तिथे मुका घेताना त्या डोळे मिटायच्या. लेकीला वाटायचं, मायेने मिटते.

मुलगी एकोणीस वर्षांची झाली त्या साली तापाची मोठी साथ आली. शाळेच्या इमारतीत दवाखाना उघडला आणि हाताला हात हवा म्हणून ठिणगी तिथे जायला लागली. एक म्हातारे आजोबा ग्लानीतून जागे होऊन घाबरून म्हणाले, "पोरी, काय गं झालं हे तुला?" ती त्यांची उशी नीट करत म्हणाली, "भाजले होते. बरी झाले. तुम्हीही व्हाल." ते बरे झाले. तिथल्या डॉक्टरांनीच तिला सांगितलं, दुसऱ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात नर्सांची शाळा आहे, राहणं-जेवण तिथेच, अर्ज कर.

घरात वीज पडावी तसं झालं. मालक म्हणाले, "माझी मुलगी परक्या माणसांची अंथरुणं काढणार?" नणंद तर तयारीच करून आली होती. "आधीच तो गाल. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, त्यात हे आणखी एक कशाला? नर्स झाल्यावर कोण विचारणार तिला?"

काकू मागच्या खोलीतून बाहेर आल्या. हातात पेन्सिल तशीच होती.

"ती जाणार," त्या म्हणाल्या.

"काय म्हणालीस?" मालकांनी विचारलं.

"जाणार म्हटलं. नाहीतर उद्यापासून काचा तुम्ही भरा."

इतक्या वर्षांत काकूंनी उच्चारलेली ही पहिली धमकी, आणि ती अचूक लागली. मालकांना काचेवर काय आहे हेसुद्धा दिसत नव्हतं. ते म्हणाले, "जाऊ दे तर जाऊ दे. पण अर्जाला फोटो लागतो ना? तो मी काढणार नाही." नणंद पाय आपटत गेली. आत कुठेतरी काकूंना इतकं बरं वाटलं की त्या स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी लावत बसल्या. आपल्याला दुसऱ्याच्या नावाखाली वाकून बसावं लागलं, पोरगी तरी ताठ उभी राहील, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यापलीकडे त्यांना आयुष्याकडून काही नको होतं.

फोटो काकूंनीच काढला. मालक जेवून झोपले असताना त्यांनी लेकीला पडद्यासमोर बसवलं आणि पहिल्यांदाच कॅमेऱ्यामागे उभ्या राहिल्या. मुलगी सरळ समोर पाहत बसली.

"आई, एक ऐक. यावर हात फिरवायचा नाही."

"नाही गं बाई."

"जराही नाही. त्यांनी लिहिलंय, दिसते तशी हवी."

"अगं, नाही म्हटलं ना!"

आणि ते म्हणताना काकू खोटं बोलत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी काच मेजावर ठेवली ती नुसती पाहायला. कॉलरवर धुळीचा एक ठिपका आला होता. धूळ भरणं म्हणजे काही हात फिरवणं नव्हे. तो ठिपका त्यांनी भरला. डोळ्याखाली जागरणाची सावली होती, साथीच्या दिवसांतली. ती काही मुलीची नव्हती, ती साथीची होती. तीही गेली. मग पेन्सिल गालावर आली आणि थांबली. काकूंच्या डोळ्यांसमोर एक टेबल आलं. त्यावर मुलींच्या फोटोंची चळत, आणि ती चाळणारी कुणीतरी घाईतली बाई. या फोटोवर तिचा हात अडखळला तर? झाकली मूठ सव्वा लाखाची. एकदा पोर समोर जाऊन बोलायला लागली की गाल कोण पाहतो? पण बोलावणं तर यायला हवं!

हे त्यांनी स्वतःला सांगितलेलं कारण. खरं कारण त्याच्या खाली होतं. त्या दिवशी आपण पोरीपाशी असतो, तर ती कशी दिसली असती, हे त्यांना एकदा पाहायचं होतं. पंधरा वर्षं ते त्यांच्या मनात कुजत होतं, आणि आता काच त्यांच्या हातात होती. दुपार सरेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. जिथे फिकट तिथे भरलं, जिथे गडद तिथे पात्याच्या टोकाने अलगद खरवडलं. त्वचेचा पोत जुळवला, ओठाचा ओढलेला कोपरा सैल केला. असं काम त्यांच्या हातून आधी झालं नव्हतं आणि पुढेही झालं नाही. फोटो छापून आला तेव्हा त्या रडल्या. ती मुलगी सुंदर होती आणि ती त्यांच्या घरात राहत नव्हती.

संध्याकाळी लेकीने विचारलं, "कसा आलाय? बघू."

"छान आलाय. पाकीट चिकटवलं मी, आता उघडू नकोस," काकू म्हणाल्या. लेक हसली. आईवर अविश्वास दाखवायचं तिला काही कारण नव्हतं.

बोलावणं आलं. गल्लीभर बातमी झाली. न्हाव्याने दुकानाच्या दारात उभं राहून सलाम ठोकला, मालकसुद्धा गिऱ्हाइकांना सहज बोलता बोलता सांगायला लागले. काकू कुणाला काही म्हणाल्या नाहीत, पण मनात म्हणाल्या, बघा, माझ्या पेन्सिलीने नेलं पोरीला. स्टेशनवर गाडी हलली तेव्हा त्यांना रडू आलं नाही. इतक्या त्या खूश होत्या.

दोन दिवसांनी दुपारी ट्रंक घेऊन मुलगी दारात उभी राहिली. काकू काचेवरून उठल्या. मुलीने ट्रंक खाली ठेवली, आतून फोटो काढला आणि मेजावर ठेवला.

"काय झालं? बाळ, काय झालं?"

"तिथल्या मोठ्या बाईंनी फोटो पाहिला, मग मला पाहिलं. म्हणाल्या, ही मुलगी कुठे आहे? म्हटलं, मीच. म्हणाल्या, गेल्या वर्षी एकीला फिट यायची, तिच्या घरच्यांनी फोटो बहिणीचा पाठवला आणि तपासणीलाही बहीणच पाठवली होती. त्यानंतर आम्ही फोटो आणि माणूस जुळल्याशिवाय आत घेत नाही." ती एका दमात बोलत होती, पाठ केलेलं म्हणावं तसं. "मी सांगितलं, माझ्या आईचं कामच ते आहे, तिने गाल पुसला असेल. तर म्हणाल्या, आईला जे दाखवायची लाज वाटते, ते घेऊन तू रोग्यांसमोर कशी उभी राहणार? मी म्हटलं, माझ्या आईला त्याची लाज वाटत नाही. अगदी जोरात म्हटलं. मग त्यांनी फोटो माझ्यापुढे सरकवला."

काकूंना बसायला काही सापडेना.

"मी तो तिथे पहिल्यांदा पाहिला, आई."

"मला वाटलं, तुला बोलावतील... मी तुझ्यासाठीच..."

"सगळं जग मला ठिणगी म्हणायचं. त्याचं मला काही वाटलं नाही, कारण तू कधी काही बोलली नाहीस. मला वाटायचं, आईला तो गाल दिसतच नाही. आईला मी अशीच दिसते, पुरी." तिने फोटोकडे बोट केलं. "तुला तर ही दिसत होती."

"भाजलं तेव्हा मी इथेच होते गं, याच खिडकीशी. ते मला..."

"ते मला माहीत आहे. त्याचा राग मला कधी आला नाही. हे तू आत्ता केलंस."

दुसऱ्या दिवशी काकू नवऱ्याला न विचारता गाडीत बसल्या. आयुष्यात एकट्याने केलेला तो त्यांचा पहिला प्रवास. मोठ्या बाई उद्धट नव्हत्या, उलट त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "मुलगी चांगली वाटली मला. तिचा गाल मला खुपला नाही, फोटो खुपला. तिची जागा काल दुसरीला दिली. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा." मग त्यांनी विचारलं, "पण पुसलात कशाला? आम्ही तर दिसते तशीच मागितली होती."

"हाताला सवय आहे बाई," काकू म्हणाल्या. एवढंच सुचलं.

पुढच्या वर्षी अर्ज गेला नाही. काकूंनी दोनदा विषय काढला, तेव्हा मुलगी म्हणाली, "आता फोटो काढायचाच नाही मला." ती दवाखान्यात जाईनाशी झाली. न्हाव्याने सवयीने "काय ठिणगी?" म्हणून हाक मारली तर ती त्याच्याकडे न पाहता पुढे गेली. तो बिचारा हातातला वस्तरा घेऊन तसाच उभा राहिला.

आणि तो फोटो मालकांच्या हाती लागला. भिंगाखाली धरून त्यांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला आणि म्हणाले, "अगं, हे तू केलंस? वा! काम म्हणजे काम आहे हे!" लग्न झाल्यापासून त्यांनी बायकोच्या कामाला चांगलं म्हटलं ते हे पहिलं आणि शेवटचं. काकूंना तिथेच भडभडून आलं, आणि मालकांना वाटलं, कौतुकाने आलं. त्याच काचेवरून त्यांनी आणखी प्रती छापल्या आणि बहिणीच्या हवाली केल्या. नणंद तो फोटो घरोघर फिरवायला लागली. पाहुणे हसत यायचे आणि अर्धा चहा टाकून जायचे. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, असं एक गृहस्थ जिन्यात मोठ्याने म्हणाले, आतल्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. मुलगी दर वेळी समोर येऊन बसायची, विचारलं तेवढं सांगायची आणि उठून जायची.

शेवटी एक कापडाचा व्यापारी आला, बिजवर, दोन मुलांचा बाप. त्याने फोटो पाहिला, मुलगी पाहिली आणि बेरीज-वजाबाकी करून म्हणाला, "फोटोइतकी नाही. पण दोन पोरांमागे धावायला गाल कशाला लागतो?" मालक हसले, नणंद हसली. मुलीने हो म्हटलं.

काकूंनी तिला स्वयंपाकघरात गाठलं. "नको म्हण. तू नुसतं नको म्हण, पुढचं मी पाहते. काचा टाकून देईन. मी आहे ना?"

"तू आहेस," लेक म्हणाली, "म्हणूनच जाते."

लग्न साधेपणाने झालं. जावई खूश होते, कारण मालकांनी स्वतः फोटो काढायचं कबूल केलं होतं. नवरानवरी पडद्यासमोर उभी राहिली, मालकांनी कॅमेऱ्याच्या कापडाखाली डोकं घातलं, आणि काकू दाराशी उभ्या राहून पाहत होत्या. तिथून त्यांना लेकीची फक्त पाठ दिसत होती. संध्याकाळी ती सासरी गेली. जाताना तिने आईला वाकून नमस्कार केला आणि काकूंनी मुका घेतला. या वेळी त्यांनी डोळे उघडे ठेवले होते, पण पुढे आला तो उजवा गाल.

सकाळी मालकांनी वाळलेली काच मागच्या खोलीत आणून दिली. "जावयांनी सांगितलंय, कपाळावरच्या आठ्या काढा. आणि तिचं काय ते तू पाहशीलच."

काकूंनी काच चौकटीवर ठेवली आणि आरसा उजेडाकडे वळवला. नवरी नवऱ्याकडे वळून उभी होती. कुणी तसं सांगितलेलं नव्हतं. मान तिने आपली आपणच वळवली होती, पुरती, आणि डावा गाल काचेवर आलाच नव्हता. काकूंनी खूप शोधलं, पण लेकीच्या चेहऱ्यावर त्यांना करण्यासारखं काहीही उरलेलं नव्हतं. मग त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं आणि जावयांच्या आठ्या भरायला घेतल्या.